रिकाम्या खुर्च्या आणि चालू करार : महासाथीत एनबीएचा पैसा कुठे गेला?

मध्यरेषा

११ मार्च २०२० च्या रात्री ओक्लाहोमा सिटीत थंडर विरुद्ध युटा जॅझ सामना सुरू होण्याच्या बेतात होता. खेळाडू कोर्टावर, प्रेक्षक खुर्च्यांवर. तेवढ्यात थंडरच्या वैद्यकीय पथकातला एक अधिकारी धावत पंचांपाशी आला. थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं की आजचा सामना होणार नाही, सगळे सुरक्षित आहेत, सावकाश घरी जा. जॅझच्या रूडी गोबेअरची चाचणी पॉझिटिव्ह आली होती आणि त्याच रात्री एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, अख्खा मोसम थांबवला.

त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या हिशोबाबद्दल. 'खेळाडूंच्या पगाराला कात्री' अशी बातमी आली की खाली प्रतिक्रिया ठरलेली असते: कोट्यधीश खेळाडू, अब्जाधीश मालक, त्यांचं ते बघून घेतील. हे मला पटत नाही. एवढ्या मोठ्या धंद्याचं निम्मं अंग एका रात्रीत लुळं पडलं, तेव्हा नुकसान कोणी किती सोसायचं हे कसं ठरलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

एनबीएत खेळाडू आणि मालक उत्पन्नाचे जवळजवळ भागीदार आहेत. सामूहिक करारानुसार बास्केटबॉलशी संबंधित सगळं उत्पन्न, म्हणजे टीव्ही, तिकिटं, प्रायोजक, जर्सी, पार्किंग, अरीनातलं खाणंपिणं, एका जागी मोजलं जातं आणि त्यातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा. पगारमर्यादा (सॅलरी कॅप), म्हणजे एका संघाने वर्षाला पगारांवर किती खर्च करायचा याची मर्यादा, याच आकड्यावरून निघते. खेळाडूंना वर्षभरात ठरल्यापेक्षा जास्त दिलं गेलं तर ते परत घेता यावं म्हणून नेहमीच्या वर्षीही पगाराचे १० टक्के एस्क्रोमध्ये बाजूला ठेवतात. म्हणजे नफ्याची वाटणी जशी लिहून ठेवलेली होती, तशीच तोट्याचीही.

आता प्रेक्षकांकडे या. आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी सांगितलं होतं की लीगचं सुमारे ४० टक्के उत्पन्न सामन्याच्या रात्री अरीनात माणसं येतात त्यावर उभं आहे. ईएसपीएन आणि टर्नर या वाहिन्यांबरोबरचा तेव्हाचा टीव्ही करार ९ वर्षांचा, २४ अब्ज डॉलरचा होता. एवढा पैसा पडद्यावरून येत असूनही ४० टक्के खुर्च्यांमधून, हे वाचून मी थबकलो होतो. २०१९-२० च्या मोसमात उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घसरून ८.३ अब्जांवर आलं. त्यात तिकिटं आणि सामन्याच्या दिवसाची तूट ८० कोटी डॉलरच्या घरातली होती. त्याच्या आधी ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरे यांच्या हाँगकाँगविषयीच्या ट्विटनंतर चीनमधलं प्रक्षेपण बंद पडलं होतं, तो फटका निराळा. लीगने मार्चमध्येच कर्जाची सोय १.२ अब्जांपर्यंत वाढवून घेतली, आणि वर्षाअखेरीस ९० कोटी उभारून प्रत्येक संघाला ३ कोटी देण्याची व्यवस्था केली.

माझं म्हणणं एवढंच की ज्यांची नावं सामूहिक करारात होती त्यांचं नुकसान सूत्रानुसार झालं, हप्त्याहप्त्याने झालं, आणि पुढे भरूनही निघालं. दारावर तिकीट तपासणारे, खाद्यपदार्थ विकणारे, झाडलोट करणारे, गाड्या लावून देणारे, हे तासावर काम करणारे लोक कुठल्याच सूत्रात नव्हते. त्यांना जे मिळालं ते कुणाच्या तरी मनाच्या मोठेपणामुळे. न्यू ऑर्लिन्समध्ये १९ वर्षांच्या झायन विल्यमसनने अरीनातल्या कर्मचाऱ्यांचा ३० दिवसांचा पगार देऊ केला. क्लीव्हलँडमध्ये केव्हिन लव्हने १ लाख डॉलर दिले, गोबेअरने ५ लाखांहून अधिक. डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी पहिल्याच रात्री तासावरच्या कामगारांचं काय करायचं हा प्रश्न जाहीरपणे काढला. हे सगळे कौतुकाला पात्र आहेत. पण घरभाडं कुणाच्या कौतुकावर अवलंबून असू नये.

तुमची मतं वाचायला आवडतील. करारांमधलं ज्यांना कळतं त्यांनी जरूर लिहा.

डावखुरा

धागा आवडला. एक मूलभूत शंका. एनबीएचे करार 'गॅरंटीड' असतात असं आपण नेहमी म्हणतो. दुखापत झाली, फॉर्म गेला, संघाने काढलं, तरी पैसे मिळतात. मग महासाथीत पगार कापता कसा आला?

कलम३९

डावखुरा, गॅरंटी असते ती संघाच्या मर्जीविरुद्ध. सामनेच झाले नाहीत तर काय, याची तरतूद वेगळी आहे. सामूहिक करारात फोर्स मॅज्योर नावाचं कलम आहे. युद्ध, नैसर्गिक आपत्ती यांच्या यादीत त्यात 'साथ' हा शब्द आधीपासून स्पष्ट होता. त्यामुळे ही अनपेक्षित घटना होती का, यावर वादच उरला नाही.

त्या कलमानुसार रद्द झालेल्या प्रत्येक सामन्यामागे खेळाडूच्या वार्षिक पगाराचा ९२.६ वा भाग कापता येतो. ज्याचा पगार २ कोटी डॉलर, त्याचे एका सामन्याचे साधारण २ लाख १६ हजार गेले. सामने ८२ असताना ९२.६ का? कारण ८२ च्या जोडीला मोसमाआधीचे सामने आणि प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीची, सरासरीही धरली आहे. खेळाडूच्या दृष्टीने हे जरा बरं, भागाकार मोठ्या आकड्याने होतो.

दुसरी गोष्ट पगाराच्या वेळापत्रकाची. बहुतेक खेळाडूंना १५ नोव्हेंबरपासून पुढच्या १ नोव्हेंबरपर्यंत महिन्यातून दोनदा, अशा २४ हप्त्यांत पगार मिळतो. खेळ मार्चमध्ये थांबला तरी हप्ते चालू होते. म्हणून कापायचं कधी हा प्रश्न होता. खेळाडूंची युनियन आणि लीग यांनी वाटाघाटी केल्या आणि १५ मेपासून प्रत्येक हप्त्यातले २५ टक्के बाजूला ठेवायचं ठरलं. एकदम मोठी कपात करण्यापेक्षा हे सोसायला सोपं होतं.

आणि याच कलमात एक फार मोठी गोष्ट दडलेली होती. अशी आपत्ती आल्यावर ६० दिवसांत नोटीस देऊन लीगला अख्खा सामूहिक करारच मोडता आला असता. मोडला असता तर पुढे मालकांची टाळेबंदी, म्हणजे खेळाडूंना कामच बंद, ठरलेली. दोन्ही बाजूंनी ती मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. युनियनच्या तेव्हाच्या प्रमुख मिशेल रॉबर्ट्स आणि तेव्हाचे अध्यक्ष ख्रिस पॉल यांना याचं श्रेय द्यायला हवं, तसंच सिल्व्हर यांनाही. कायदा हातात होता आणि तो वापरला नाही.

डावखुरा

आता कळलं. म्हणजे गॅरंटी संघाने दिलेली, साथीने नाही.

तिसरा_प्रहर

बबलचा, म्हणजे संघांना एका जागी बाहेरच्यांपासून वेगळं ठेवून खेळवलेल्या सामन्यांचा, हिशोब मला जास्त रंजक वाटतो, कारण त्याकडे सगळे आरोग्याचा प्रयोग म्हणूनच बघतात.

ओरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये २२ संघ गेले. ३० जुलैला खेळ सुरू झाला आणि ११ ऑक्टोबरला लेकर्सनी मायामी हीटला ४-२ ने हरवून विजेतेपद मिळवलं. खर्च १५ कोटी डॉलरच्या वर गेला. पण बातम्यांनुसार या खटाटोपामुळे साधारण दीड अब्जांचं उत्पन्न वाचलं, आणि ते मुख्यतः टीव्हीचं. राष्ट्रीय वाहिन्यांना प्लेऑफ हवे होते. आणि स्थानिक क्रीडावाहिन्यांच्या करारांत साधारण ७० सामन्यांचा उंबरठा असतो. मार्चमध्ये मोसम थांबला तेव्हा बहुतेक संघांचे ६३ ते ६७ सामने झाले होते. मग बबलमध्ये प्रत्येक संघाला आणखी ८ सामने का, तर बेरीज करून बघा.

राहिलेल्या ८ संघांना मात्र मार्च ते डिसेंबर सामनाच नव्हता. त्यात निक्स आणि वॉरियर्ससारखे श्रीमंत संघही होते.

कोर्टाभोवती १७ फुटी पडद्यांवर ३०० हून जास्त प्रेक्षक घरबसल्या दिसायचे. तंत्र म्हणून छान होतं. पण मला त्यातली शांतता आठवते. बुटांचा आवाज, प्रशिक्षकांच्या हाका, बाकावरच्या खेळाडूंची आरडाओरड. खेळ इतका स्वच्छ ऐकू यायचा की तो कसा खेळला जातो हे पहिल्यांदाच कळलं. तरी चुरशीच्या शेवटच्या मिनिटाला काहीतरी कमी असायचं.

सहावा_खेळाडू

करारांवर माझी भर. २०२० च्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठा निर्णय झाला तो पगारमर्यादेचा, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

२०१९-२० ची मर्यादा १० कोटी ९१ लाख ४० हजार डॉलर होती. पुढच्या वर्षी ती ११ कोटी ५० लाखांवर आणि त्याच्या पुढच्या वर्षी १२ कोटी ५० लाखांवर जाईल असा अंदाज साथीआधी होता. सूत्र जसंच्या तसं लावलं असतं तर मर्यादा कित्येक कोटींनी खाली आली असती. त्या वर्षी ज्यांचा करार संपत होता त्यांचं वाटोळं झालं असतं, कारण बहुतेक संघांकडे द्यायला जागाच उरली नसती. म्हणून दोघांनी मिळून आकडा १० कोटी ९१ लाख ४० हजारांवरच गोठवला, आणि पुढे दर वर्षी किमान ३ आणि कमाल १० टक्के वाढ असं बांधून टाकलं. तोटा एस्क्रोमधून फेडायचा, एका वर्षी पगाराच्या २० टक्क्यांपर्यंत, आणि तो पुढच्या मोसमांवर पसरायचा. लक्झरी टॅक्सही, म्हणजे मर्यादेपलीकडे फार खर्च करणाऱ्या संघांना पडणारा दंड, उत्पन्नाच्या घसरणीच्या प्रमाणात कमी केला.

आता २०१६ आठवा. नव्या टीव्ही करारामुळे मर्यादा ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर उडाली. लीगने आधी सुचवलं होतं की वाढ टप्प्याटप्प्याने करू, युनियनने नकार दिला. परिणाम सगळ्यांनी पाहिला: ७३ सामने जिंकलेल्या वॉरियर्सकडे अचानक केव्हिन ड्युरांटला घेण्याइतकी जागा झाली, आणि त्याच उन्हाळ्यात करार संपलेल्या मधल्या फळीच्या खेळाडूंनाही घबाड मिळालं. चार वर्षांनी चढाऐवजी उतार आला, तेव्हा मात्र दोघांनीही टप्पे मान्य केले.

याचा बोजा कोणावर पडला हे एका उदाहरणाने बघा. यानिस अँटेटोकुंपोने डिसेंबर २०२० मध्ये मिलवॉकीबरोबर ५ वर्षांचा, सुमारे २२ कोटी ८० लाखांचा सुपरमॅक्स, म्हणजे नियमांत बसणारा सगळ्यात मोठा करार, केला. सुपरमॅक्सचं पहिलं वर्ष मर्यादेच्या ३५ टक्के असतं. जुन्या अंदाजाने, म्हणजे साडेबारा कोटींवर, ते ४ कोटी ३७ लाख झालं असतं. प्रत्यक्षात २०२१-२२ ची मर्यादा ११ कोटी २४ लाख होती, म्हणून ३ कोटी ९३ लाख. पहिल्याच वर्षी जवळपास ४४ लाखांचा फरक, आणि पुढची वर्षं त्यावरच वाढत जाणार. यानिसचं अर्थात काही अडत नाही, पण करार कोणत्या वर्षी झाला यावर केवढं अवलंबून असतं ते यातून दिसतं.

चष्मेवाला

@सहावा_खेळाडू, मांडणी उत्तम. पण मूळ धाग्यातलं 'धंद्याचं निम्मं अंग लुळं पडलं' हे मला अतिशयोक्तीचं वाटतं. मालकांचं रडगाणं मी मानत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, युटा जॅझ १.६६ अब्जांना रायन स्मिथ यांनी घेतला. पुढच्या वर्षी टिंबरवुल्व्ह्जचा सौदा १.५ अब्जांना ठरला. तोट्यातल्या धंद्याला असे भाव येतात का? फीनिक्स तर २०२३ मध्ये ४ अब्जांच्या मूल्यावर गेला.

आणि फिलाडेल्फियाचं विसरू नका. २०२० च्या मार्चमध्येच संघाने ५० हजारांवर पगार असलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगारात २० टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली. जोएल एम्बीडने ५ लाख साथीच्या मदतीला दिले आणि कपात झालेल्या कर्मचाऱ्यांनाही मदत करायची तयारी दाखवली. ओरड झाली आणि संघाने निर्णय फिरवला. म्हणजे पैसे होते.

मध्यरेषा

चष्मेवाला, फिलाडेल्फियाबद्दल पूर्ण सहमत. त्यांना निर्णय फिरवावा लागला हे चांगलंच झालं.

भावांबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. संघाची किंमत आणि संघाच्या हातातली रोकड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. किंमत पुढच्या वीस वर्षांच्या टीव्ही करारांवर ठरते, आणि विकायला असे तीसच संघ आहेत. पण १५ तारखेचा पगाराचा हप्ता रोकडीतूनच द्यावा लागतो. ज्यांचा बाकीचा धंदाही माणसांच्या गर्दीवर होता त्यांची अवस्था बघा. ह्यूस्टन रॉकेट्सचे मालक टिलमन फर्टिटा यांची उपाहारगृहं आणि कॅसिनो. त्यांनी सुमारे ४० हजार लोकांना बिनपगारी रजेवर पाठवलं आणि ३० कोटींचं महागडं कर्ज काढलं. मालकाला सहानुभूती दाखवा असं मी म्हणत नाही. त्या ४० हजारांचं काय झालं ते विचारा असं म्हणतोय.

चष्मेवाला

रोकडीचा मुद्दा मान्य. तरी मालकाकडे विकायला काहीतरी असतं. त्या ४० हजारांकडे नव्हतं.

खाडीकाठ

वॉरियर्सचं उदाहरण या वादाच्या बरोबर मध्ये बसतं. त्यांचं नवं अरीना, चेस सेंटर, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं, खर्च सुमारे १.४ अब्ज, सगळा खाजगी पैसा. पहिल्याच मोसमात क्ले थॉम्पसन आणि स्टेफ करी दोघं जायबंदी, मग साथ. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये थॉम्पसनला पुन्हा दुखापत झाली आणि संघाने केली ऊब्रेला घेतलं. लक्झरी टॅक्सच्या चढत्या दरांमुळे त्या एका खेळाडूची किंमत त्याच्या पगाराच्या कित्येक पट पडली. तिकिटांचं उत्पन्न शून्य असताना! मालक जो लेकब यांनी येणाऱ्या प्रत्येकाची जलद चाचणी करून निम्मं अरीना भरण्याची योजना मांडली, सॅन फ्रान्सिस्को शहराने परवानगी दिली नाही. माझ्या मते शहराचं बरोबर होतं, त्या हिवाळ्यात लाट येणारच होती.

आणि याच रिकाम्या इमारतीत ३ जानेवारी २०२१ रोजी करीने पोर्टलंडविरुद्ध ६२ गुण केले. त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. त्या मोसमात तो ३२ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आला. ती रात्र हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत घडायला हवी होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

रानजाई

सगळी चर्चा पुरुषांच्या लीगची चाललीय म्हणून लिहिते.

महिलांच्या लीगचा, डब्ल्यूएनबीएचा, २०२० चा मोसम ३६ वरून २२ सामन्यांवर आला, ब्रेडेंटनच्या आयएमजी अकादमीत खेळला गेला, आणि खेळाडूंना पूर्ण पगार मिळाला. ज्या लीगचे पगार एनबीएच्या मानाने चिल्लर होते तिथे ही गोष्ट सोपी नव्हती. जानेवारी २०२० मध्येच त्यांचा नवा सामूहिक करार झाला होता. त्यात उत्पन्न ठरलेल्या वेगाने वाढलं तर वाढीव उत्पन्नात निम्मा वाटा अशी तरतूद होती. दोन महिन्यांत साथ आली आणि ती उद्दिष्टं हवेतच राहिली. करार बरोबर होता, मुहूर्त वाईट निघाला.

एलेना डेल डोनचं प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं असं आहे. आदल्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू. तिला लाइम आजार आहे, तिच्या डॉक्टरांनी न खेळण्याचा सल्ला दिला, तरी लीगच्या वैद्यकीय समितीने तिला सूट नाकारली. म्हणजे जीव धोक्यात घाल नाहीतर पगार सोड. शेवटी तिच्या संघाने, वॉशिंग्टन मिस्टिक्सने, पूर्ण पगार द्यायचं ठरवलं. तिच्याच संघातली नताशा क्लाउड सामाजिक न्यायाच्या कामासाठी मोसम सोडून गेली, तिचा पगार बूट बनवणाऱ्या कॉन्व्हर्सने दिला. मध्यरेषा म्हणतात तसंच, करारात जागा नाही म्हणून कुणीतरी भलेपणाने पुढे यायचं.

पुरुषांच्या बबलमध्येही न जाण्याची मुभा होती, पण न खेळलेल्या सामन्यांचा पगार जायचा. लेकर्सचा एव्हरी ब्रॅडली मुलाच्या श्वसनाच्या त्रासामुळे गेला नाही. लेकर्स जिंकले तेव्हा तो घरी होता.

सहावा_खेळाडू

रानजाई, छान आठवण. न जाणाऱ्यांमध्ये विझर्ड्सचा डेव्हिस बर्टान्सही होता, पण कारण वेगळं. त्याचा करार संपत होता, आणि गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत आधीच दोनदा झालेली. काही सामन्यांचा पगार सोडून त्याने धोका टाळला आणि नोव्हेंबरमध्ये ५ वर्षांचे ८ कोटी मिळवले. तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला स्वार्थी म्हटलं. मला त्यात काही गैर दिसत नाही. मोठा करार करण्याची वेळ कारकिर्दीत फार तर एक-दोनदा येते.

त्याच सुमारास बॅम अॅडेबायो, जेसन टेटम, डोनोव्हन मिचेल, डी'अॅरन फॉक्स आणि काइल कुझमा या तरुणांनी विम्याचा प्रश्न काढला होता. चार महिने घरी बसून एकदम स्पर्धात्मक खेळात उतरायचं, आणि मोठा करार तर अजून व्हायचा आहे. मोडलो तर कोण भरून देणार? रास्त प्रश्न होता.

वाटसरू_७

युरोपात काय झालं? तिथे तर टीव्हीचा एवढा पैसा नाही.

रानजाई

युरोलीगने २५ मे २०२० ला मोसम रद्दच केला, विजेता कोणीच नाही. जर्मनीने १० संघ म्युनिकमध्ये एकत्र आणून जूनमध्ये मोसम संपवला, आल्बा बर्लिन जिंकलं. स्पेनने १२ संघ व्हॅलेन्सियात नेले, बास्कोनिया जिंकलं. ऑस्ट्रेलियात अंतिम मालिका चालू असताना सिडनी किंग्जनी माघार घेतली आणि पर्थला विजेतेपद दिलं गेलं. त्यांचा नेहमीचा मोसम मार्चमध्ये आटोपतच आला होता, तरी पुढच्या मोसमासाठी खेळाडूंना मोठ्या पगारकपाती मान्य कराव्या लागल्या. प्रेक्षकांवर जगणाऱ्या लीगना साथ मोसम संपल्यावरही सोडत नाही.

उत्तरध्रुव

माझा संघ रॅप्टर्स, म्हणून टोरंटोचं सांगतो. २०२०-२१ मध्ये सीमेवरच्या निर्बंधांमुळे रॅप्टर्सना कॅनडात खेळता आलं नाही. ते फ्लोरिडातल्या टॅम्पात, अमाली अरीनात खेळले. दोन वर्षांपूर्वीचे विजेते, लागोपाठ सात वर्षं प्लेऑफ खेळलेले, आणि हिशोब २७ विजय, ४५ पराभव. मैदान नावाला घरचं होतं. लोकांना आत सोडायला लागल्यावर जे यायचे ते बहुधा समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवायचे. घरच्या प्रेक्षकांचा उपयोग काय, याचं उत्तर कोणाला हवं असेल तर त्या मोसमातले सामने बघा.

त्याच मोसमाचा शेवट दुसऱ्या टोकाचा. सुरुवातीला मोजक्याच संघांकडे थोडे प्रेक्षक होते, आणि २० जुलै २०२१ ला मिलवॉकीने फीनिक्सला हरवलं तेव्हा अरीना भरलेलं आणि बाहेरच्या चौकात आणखी ६५ हजार लोक.

डावखुरा

२०२०-२१ चा मोसम २२ डिसेंबरला सुरू करण्याची घाई का केली? लेकर्स आणि हीटला जेमतेम अडीच महिने मिळाले.

कलम३९

नाताळचे सामने. राष्ट्रीय टीव्हीवरचा तो लीगचा मोठा दिवस असतो. शिवाय जुलैत मोसम संपवला की ऑक्टोबर ते जून हे नेहमीचं वेळापत्रक पुन्हा लावता येत होतं. जानेवारीत सुरुवात केली असती तर ५० कोटी ते १ अब्जांचा फरक पडेल असं लीगचं म्हणणं होतं. ८२ ऐवजी ७२ सामने झाले. निम्मा वाटा खेळाडूंचाच असल्याने युनियनने होकार दिला, पण विश्रांतीची किंमत शरीराने मोजली. लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस दोघंही त्या मोसमात जायबंदी झाले. एकाचा संबंध दुसऱ्याशी थेट जोडता येत नाही, तरी मला ती घाई चुकीची वाटते.

तिसरा_प्रहर

२०२१ च्या डिसेंबरमधल्या ओमायक्रॉनच्या लाटेबद्दल कोणीच बोललं नाही! तेव्हा १० दिवसांच्या करारांचा पाऊस पडला. संघात रुग्ण वाढले की बदली खेळाडू घेणं बंधनकारक झालं, आणि त्यांचा पगार मर्यादेत किंवा लक्झरी टॅक्समध्ये धरला गेला नाही. नियम असा केला म्हणून संघांनी हात आखडता घेतला नाही. त्या मोसमात ६०५ खेळाडू कोर्टावर उतरले, तोवरचा उच्चांक.

४० वर्षांचा जो जॉन्सन बोस्टनकडे परतला, जिथे २००१ मध्ये त्याने सुरुवात केली होती. प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष केला, त्याने एक शॉट मारला आणि तो गेला. लान्स स्टीफन्सनने तर ५ जानेवारी २०२२ ला इंडियानाकडून नेट्सविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये २० गुण केले. तो मोसमभर संघात राहिला. साथीने ज्यांना काही दिलं असे फार थोडे, त्यांतला तो एक.

खाडीकाठ

आणि त्याच मोसमात ब्रुकलिन नेट्सचा कायरी अर्विंग. न्यूयॉर्कच्या लसीच्या नियमामुळे त्याला घरच्या सामन्यांत खेळता येत नव्हतं, म्हणून त्या सामन्यांचा पगार गेला. बाहेरचे सामने तो खेळू शकत होता, पण अर्धवेळ खेळाडू नको म्हणून नेट्सनी सुरुवातीला त्याला पूर्ण बाजूला ठेवलं. त्या सामन्यांचा पगार मात्र दिला. माझ्या दृष्टीने हा निवाडा स्वच्छ होता. शहराच्या नियमामुळे खेळला नाहीस तर पैसे तुझे जातील, संघाच्या निर्णयामुळे खेळला नाहीस तर संघाचे.

चष्मेवाला

निवाडा स्वच्छ होता, पण नेट्सनी डिसेंबरमध्ये माणसं कमी पडल्यावर त्यालाच परत बोलावलं. तत्त्व दोन महिने टिकलं.

उत्तरध्रुव

@मध्यरेषा, तुम्ही म्हणालात नुकसान पुढे भरून निघालं. आकडे आहेत का?

मध्यरेषा

आहेत. २०२१-२२ मध्ये लीगचं उत्पन्न पहिल्यांदा १० अब्जांच्या पुढे गेलं. पगारमर्यादा २०२२-२३ मध्ये १२ कोटी ३६ लाख, २०२३-२४ मध्ये १३ कोटी ६० लाख झाली. २०२५-२६ पासूनचा टीव्ही करार ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्जांचा आहे. म्हणजे वर्षाला जवळपास ७ अब्ज, आधीच्या कराराच्या अडीच पटीहून जास्त.

याचा एक अर्थ असा की उद्या पुन्हा दारं बंद करावी लागली तर अरीनातल्या गर्दीचा वाटा ४० टक्के राहिलेला नसेल. लीगला आणि खेळाडूंना तो धक्का पूर्वीइतका बसणार नाही. अरीनात तासावर काम करणाऱ्याला मात्र तेवढाच बसेल, कारण त्याचं उत्पन्न अजूनही दार उघडण्यावर आहे. मला वाटतं रद्द झालेल्या सामन्याच्या रात्रीची मजुरी ही सामूहिक करारात बोलण्याची गोष्ट आहे. एकूण उत्पन्नातून आधी थोडा निधी वेगळा काढायचा आणि मग उरलेलं खेळाडू आणि मालकांनी वाटून घ्यायचं. एस्क्रोची यंत्रणा तयारच आहे.

कलम३९

कल्पना चांगली आहे, अडचण फक्त मालकीची. कित्येक अरीना संघाच्या नाहीत, शहराच्या किंवा तिसऱ्याच कंपनीच्या आहेत, आणि खाद्यपदार्थांचे ठेकेदार आणखी वेगळे. हे कामगार लीगचे नोकरच नसतात. ठेका देतानाच त्यात अट घालावी लागेल, आणि ती प्रत्येक शहरात वेगवेगळी.

मध्यरेषा

बरोबर. मग सुरुवात ज्यांची इमारत स्वतःची आहे त्यांच्यापासून होऊ शकते. चेस सेंटर वॉरियर्सचंच आहे.